नेट नक्की अडतं कुठे? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून नेहमी येणारे प्रश्न

वायरी ओढायच्या, राऊटर बसवायचे आणि फोन आला की शिडी घेऊन धावायचं, हे माझं काम. "नेट गेलंय" हे वाक्य रोज वीसदा कानावर पडतं, आणि त्यातून मला काहीच कळत नाही. कुणी फोन करून "रस्ता बंद आहे" एवढंच सांगावं, तसं ते आहे. अंगणातला, गल्लीतला, की चोर्ला घाटातला? खालचे सगळे प्रश्न लोकांनीच विचारलेले आहेत. उत्तर देताना रस्ता कुठे अडतो ते दाखवायचा प्रयत्न केलाय.

नेट म्हणजे नक्की काय हो? टॉवर, वायर, का कंपनी?

सगळंच, आणि टप्प्याटप्प्यानं. मोबाइलपासून राऊटरपर्यंत वायफायचा पहिला टप्पा. राऊटरच्या डब्यापासून खांबावरच्या डब्यापर्यंत काचेच्या तारेचा दुसरा. खांबापासून केबलवाल्याच्या मशीनपर्यंत तिसरा. तिथून बेंगळूर, मुंबई किंवा चेन्नई हा चौथा. तुम्हाला हवं ते परदेशातल्या मशीनवर असेल, तर मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्यावरून समुद्राखालच्या केबलीत शिरणारा पाचवा. एवढ्या टप्प्यांचे मालक वेगवेगळे असतात, पण सगळे एकच बोली बोलतात. तिचं नाव टीसीपी-आयपी. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये तिचा आराखडा मांडला आणि १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतलं अर्पानेट तिच्यावर आलं. आपल्या देशात सामान्य माणसाला नेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही आधी मोठ्या शहरांत आणि टेलिफोनच्या तारेवरून.

मला फोन करायच्या आधी एक करून बघा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काही राऊटरवर शेवटचा आकडा वेगळा असतो, डब्याच्या खाली छापलेला असतो). राऊटरचं पान उघडलं पण बाकी काहीच उघडत नसेल, तर घरातला टप्पा ठीक आहे, अडचण बाहेर आहे. ते पानही उघडत नसेल तर दोष तुमच्या चार भिंतींच्या आत. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा आतच असतो, पण ते कुणाला ऐकायला आवडत नाही.

शंभरचा प्लॅन घेतलाय, पण फाइल उतरताना बाराच दाखवालंय की. फसवालेत काय?

नाही. प्लॅनमधले शंभर हे मेगाबिट, आणि फाइल मोजतात ती मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. १०० ला ८ नं भागा, साडेबारा येतात. बारा दिसत असतील तर तुम्हाला पुरेपूर मिळतंय. जाहिरातीत बिटच छापतात, कारण आकडा मोठा दिसतो.

एवढा मोठा व्हिडिओ एका तारेतून येतो कसा? आणि मधेच नुसतं गोल का फिरालंय?

तो अख्खा येतच नाही. त्याचे तुकडे करून पाठवतात. एका तुकड्याला पॅकेट म्हणतात आणि नेहमीच्या जाळ्यात त्याची मर्यादा १५०० बाइट. म्हणजे तीन एमबीच्या फोटोचे दोन हजारांवर तुकडे होतात. हा विचार साठच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचला. 'पॅकेट' हे नाव डेव्हिसचं.

आपल्याकडच्या माणसाला हे उसावरून चटकन कळतं. पाच एकरांतला ऊस एका वाहनात मावत नाही. ट्रॉल्या भरतात, प्रत्येकीला चिठ्ठी असते आणि ज्याला जो रस्ता मोकळा दिसेल तिकडून तो कारखाना गाठतो. तिसरी ट्रॉली दुसरीच्या आधी पोचली म्हणून काही बिघडत नाही. पॅकेटवरही कुठून निघालं आणि कुठे जायचं याचे पत्ते असतात, आणि टीसीपीच्या पॅकेटवर कितव्या जागेचा तुकडा आहे तोही आकडा असतो. पलीकडचं मशीन ते क्रमानं लावून घेतं. मधला एखादा हरवला तर तेवढाच परत मागवतं.

आता काट्यापाशी या. गाळप ऐन भरात असलं की काट्यासमोर ट्रॅक्टरांची रांग लागते. रांगेला जागा संपली की नवी ट्रॉली उभीच करता येत नाही. राऊटरमध्येही अशीच ठरावीक जागा असते. ती भरली की नंतर आलेलं पॅकेट तो सरळ टाकून देतो. पोच आली नाही म्हणून पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो, रांग आणखी फुगते, पुन्हा टाकून दिलं जातं. ऑक्टोबर १९८६ मध्ये हे खरोखर घडलं. कॅलिफोर्नियात बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांत जेमतेम ४०० यार्डांचं अंतर. त्या दोघांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. चाळीस हजार नव्हे, चाळीस. पाच अक्षरं. व्हॅन जेकबसननं त्याचा छडा लावला आणि १९८८ मध्ये उपाय मांडला: आधी थोडंच पाठवा, काट्याची पावती आली की वाढवत न्या, पावती यायची थांबली की हात आखडता घ्या. आज तुमच्या फोनमध्येही त्याच विचाराची सुधारलेली रूपं चालतात. डाउनलोड सुरू होताना वेग हळूहळू चढतो तो त्यामुळेच.

व्हिडिओ गोल फिरतो तेव्हा तुमच्या ट्रॉल्या कुठल्यातरी काट्यावर अडकलेल्या असतात. रात्री नऊला फिरतो आणि पहाटे पाचला फिरत नाही, तर काटा केबलवाल्याकडचा. दिवसभर फिरतो, तर आधी घरातलं वायफाय बघा.

फोनवर बोलताना मात्र हरवलेलं परत मागवत नाहीत का? आवाज तुटून येतो.

नाही मागवत, आणि तेच बरोबर आहे. "हॅलो"तला "लो" दोन सेकंदांनी पोचून उपयोग काय? व्हॉट्सअ‍ॅप कॉल किंवा ऑनलाइन वर्ग साधारणपणे यूडीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीनं चालतात. पाठवलं आणि विसरलं. जमिनीचा उतारा किंवा बँकेचं पान मात्र पूर्ण आणि क्रमानंच यायला हवं, तिथे पोच घेणारी पद्धत लागते.

स्पीड दोनशे आहे तरी पोराचा गेम अडकतो. कसं काय?

वेग आणि उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकदम किती माल जातो तो वेग. एक चिठ्ठी जाऊन उत्तर यायला किती वेळ लागला तो उशीर, त्यालाच पोरं पिंग म्हणतात. गेमला माल फार लागत नाही, उत्तर झटपट लागतं.

काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, मोकळ्या हवेतल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. बेळगावहून बेंगळूर काय आणि मुंबई काय, दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. जायला अडीच मिलिसेकंद, यायला अडीच. नुसत्या प्रकाशाचा हिशोब पाचाचा. प्रत्यक्षात आकडा याच्या काही पट येतो, कारण केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेतला प्रत्येक राऊटर थोडा वेळ खातो. खेळाचं मशीन सिंगापूरला असेल तर अंतर कापावंच लागतं, तिथे मी काय आणि कंपनी काय, कुणीच काही करू शकत नाही.

यातली एक गंमत मला अजून पचत नाही. तुम्ही शहापुरात, मित्र टिळकवाडीत, आणि दोघांच्या कंपन्या वेगळ्या. तुमचं पॅकेट रेल्वे गेट ओलांडून जात नाही. ते बहुधा आधी बेंगळूर किंवा मुंबई गाठतं, कारण दोन कंपन्यांची जाळी एकमेकांना तिथल्या एक्स्चेंजवर भेटतात. दोन किलोमीटरसाठी हजार किलोमीटरचा फेरा, आणि तरीही तुमच्या डोळ्याची पापणी लवायच्या आत.

मोडेमवर लाल लाईट लागली. म्हणजे काय?

काचेतून येणारा प्रकाश तुमच्यापर्यंत पोचत नाही, किंवा फार मंद पोचतोय. बहुतेक डब्यांवर त्या दिव्याखाली 'लॉस' लिहिलेलं असतं.

फायबरच्या तारेत मधोमध काचेचा गाभा असतो, केसापेक्षाही बारीक. प्रकाश आतल्या आत परावर्तन होत पुढे सरकतो, बाहेर पडत नाही. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश कित्येक किलोमीटर नेता येईल हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं. त्याचं नोबेल त्यांना २००९ मध्ये मिळालं. तार घट्ट दुमडली की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. म्हणून कपाटामागे दाबलेली, दारात चेपलेली किंवा खिळ्याला गुंडाळलेली तार तुटलेली नसतानाही लाल लाईट लावते. खानापूरकडे जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला माकडं तारेवर झोके घेतात आणि उंदीर-खारी कुरतडतात, तो वेगळाच ताप.

खांबावरच्या डब्यात प्रकाश वाटला जातो. एका तारेच्या दोन केल्या की प्रत्येकीत निम्मा प्रकाश, मोजमापात तीन डेसिबलची घट. बत्तीस घरांना वाटायचं तर पाच वेळा निम्मा, म्हणजे पंधरा डेसिबल, आणि प्रत्यक्षात सतराच्या आसपास. माझ्याकडचं मीटर तुमच्या घरी उणे अठरा-वीस दाखवत असेल तर मी चहा पिऊन निघतो. उणे सत्तावीसच्या खाली गेलं की डबा आंधळा होतो. हिरव्या टोकाची ती तार काढून पुसायला जाऊ नका. बोटाचा तेलकट डाग त्या टोकावर डोंगराएवढा असतो. आणि टोकात डोळा घालून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

एकाच तारेवर बत्तीस घरं? मग शेजाऱ्याला माझं दिसत असणार.

प्रकाश सगळ्यांकडे सारखाच येतो हे खरं. तुमच्यासाठीचा मजकूर शेजारच्या डब्यापर्यंतही जातो. पण प्रत्येक डबा आपल्या नावाचं तेवढंच उचलतो, आणि प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या किल्लीनं कुलूपबंद करता येतो. बँकेच्या पानाला वर स्वतःचं आणखी एक कुलूप असतंच.

उलट दिशेला, म्हणजे घरातून बाहेर जाताना, नळाच्या पाळीसारखी व्यवस्था आहे. सगळे एकदम बोलले तर प्रकाश एकमेकांत मिसळेल, म्हणून केबलवाल्याचं मशीन प्रत्येक घराला क्षणाच्या बारीक तुकड्याची पाळी लावून देतं. आपल्याकडे सगळीकडे दिसणाऱ्या जीपॉन पद्धतीत खाली येणारा एकूण वेग अडीच गिगाबिट आणि वर जाणारा सव्वा. बत्तीस घरांनी एकाच क्षणी ओढलं तर प्रत्येकाच्या वाट्याला अठ्ठ्याहत्तरच्या आसपास मेगाबिट. एरवी सगळे एकदम ओढत नाहीत, त्या भरवशावरच दोनशेचे प्लॅन विकले जातात.

लाईट गेली की नेट जातंच का? शेजारी तर चालू असतं.

शेजाऱ्यानं डब्याला बॅटरी लावलेली असते. खांबावरच्या वाटणीच्या डब्याला वीज लागतच नाही, तिथे नुसती काच आहे. केबलवाल्याच्या मशीनला त्याची बॅटरी असते. उरतो तुमचा बारा व्होल्टचा डबा. छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. जुन्या जाड काळ्या केबलवर नेट यायचं तेव्हा खांबाखांबावर अ‍ॅम्प्लिफायर असायचा. मधल्या एका गल्लीची वीज गेली की पुढच्या चार गल्ल्या बंद. ते दिवस मी काढलेत.

पुढच्या खोलीत पळतंय, मागे न्हाणीघरापाशी काहीच नाही.

भिंती बघा. गावातल्या जुन्या घरांत चिऱ्याच्या किंवा मातीच्या दीड-दोन फुटी भिंती असतात, पावसाळ्यात ओलसर. वायफायच्या लहरी पाण्यात आणि जाड भिंतीत मुरतात, लोखंडी कपाटावर आपटून परततात. राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो पण सावकाश, ५ गिगाहर्ट्झ जोरात पण जवळच. मागच्या खोलीत २.४ वालं नाव धरा. गणपत गल्लीसारख्या दाट वस्तीत २.४ वर प्रत्येक दुकानाचा राऊटर ओरडत असतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारी ज्यावर आहे तो सोडून दुसरा घ्या.

आणि राऊटर टीव्हीच्या मागून काढा. शोभा येत नाही म्हणून त्याला शोकेसमध्ये कोंडणाऱ्यांना मी काय सांगणार.

लॅन वायरीनं जोडलं तरी पंचाण्णवच्या वर जात नाही.

वायरीत आठ तारा असतात. शंभर मेगाबिटला त्यातल्या चारच पुरतात, हजाराला आठही लागतात. एखादी तुटली की दोन्ही मशीन गुपचूप शंभरवर उतरतात, आणि वरखर्च वजा जाता पंचाण्णव उरतात. टोक पुन्हा मारून घ्या. स्वस्त वायर तांब्याची नसते, वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. ते टोकाशी पटकन तुटतं. लांबी शंभर मीटरच्या आत ठेवा.

एक चूक माझी सांगतो. वडगावात दोन भावांची घरं समोरासमोर. गच्चीवरून गच्चीवर मी लॅन वायर टाकून दिली. मेमधल्या वळवात वीज पडली, ती घरावर पडलीसुद्धा नाही, कुठेतरी जवळपास. तांब्याच्या तारेत झटका उतरला आणि दोन्हीकडचे राऊटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि एक लॅपटॉप गेला. थोरल्या भावानं एक शब्द उच्चारला नाही, ते जास्त लागलं. आता दोन इमारतींमध्ये मी तांबं टाकतच नाही. काचेत वीज धावत नाही. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्यातला संदेश प्रकाशात आणि उलट बदलणारे डबे), मधे फायबर.

निपाणीच्या पुढे कोगनोळीला गेलो की फोन लागतो पण नेट बंद. असं का?

तुमचं सिम कर्नाटक सर्कलचं, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या कर्नाटक विभागाचं. पुढे कागलचा टॉवर महाराष्ट्र सर्कलचा, त्यात गोवाही येतो. कंपनी तीच असली तरी दोन्ही सर्कलच्या जाळ्यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. फोनला वाटतं आपण परक्या जाळ्यात आलो. सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर तो बोलू देतो, नेट देत नाही. ते चालू करा. हल्ली देशातल्या देशात त्याचे वेगळे पैसे बहुतेक पॅकमध्ये लागत नाहीत, पण तुमचा पॅक एकदा बघून घ्या.

बाची, उचगावकडच्या लोकांना तर घरातल्या घरात हे होतं. पुढच्या पडवीत बेळगावचा टॉवर, मागच्या दारात शिनोळीचा. लहरींना सीमा समजत नाही, जो टॉवर जोरात ऐकू येईल तो फोन धरतो. त्रास जास्त असेल तर नेटवर्क हातानं निवडून ठेवता येतं. गाव सोडताना ते पुन्हा आपोआपवर ठेवायला विसरू नका, नाहीतर हुबळीला पोचून मला फोन कराल. तोही लागणार नाही म्हणा.

घराचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही. पूर्वी आयपी टाकला की दिसायचा.

आयपी म्हणजे मशीनचा पत्ता. जुन्या पद्धतीत तो ३२ बिटांचा, म्हणून जगात मिळून जेमतेम ४२९ कोटी पत्ते. माणसंच ८०० कोटींवर. म्हणून कंपनी एका खऱ्या पत्त्यामागे अनेक घरं बसवते. वाड्याचा नंबर एक, आत बिऱ्हाडं पन्नास. आतून बाहेर चिठ्ठी जाते, तिचं उत्तर बरोबर बिऱ्हाडात येतं, पण बाहेरचा अनोळखी माणूस थेट तुमच्या खोलीपर्यंत येऊ शकत नाही. राऊटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० पासून सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तुम्ही अशाच वाड्यात आहात. खरा स्थिर पत्ता मागून घ्या, त्याला बहुधा वेगळे पैसे पडतात. नाहीतर कोड स्कॅन करून चालणारा कॅमेरा घ्या. तो स्वतःच आतून बाहेर फोन लावून ठेवतो. आयपीच्या नव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा आहे, तिथे टंचाई नाही.

व्हॉट्सअ‍ॅप चालतंय, साइट मात्र एकही उघडत नाही.

नाव सांगून आकडी पत्ता देणारी यादी अडली असण्याची शक्यता जास्त. तिला डीएनएस म्हणतात, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तयार केलेली. राऊटरमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा.

मराठीत एसएमएस पाठवला की दोन-तीनचे पैसे का कापतात?

हा प्रश्न एका छपाईवाल्या काकांचा. लग्नाची निमंत्रणं ते एसएमएसनं पाठवायचे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट, म्हणून १६० अक्षरं. मराठीला किंवा कन्नडला सोळा बिट, म्हणून ७०. आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'बेळगाव' डोळ्याला चार अक्षरं, मोजणीत सहा. 'श्री' एकच दिसतं, पण त्याचे चार.

यातच मला आवडणारी एक गोष्ट आहे. युनिकोडच्या यादीत आपल्या क चा क्रमांक २३२५, कन्नड क चा ३२२१. फरक ८९६. आपल्या ळ चा २३५५, त्यांच्या ळ चा ३२५१. फरक पुन्हा ८९६. दोन्ही लिप्या एकाच वर्णमालेच्या क्रमानं मांडल्यात. दुकानाच्या पाटीवर वर कोण आणि खाली कोण यावरून आपल्याकडे जे काय होतं ते होतं, तारेतून जाताना मात्र दोघी एकाच अंतरानं चालतात.

राऊटर बंद करून चालू केला की बरा होतो. का?

कुठलं उत्तर कुठल्या मोबाइलचं याची यादी तो आत ठेवतो. महिनोन्‌महिने चालू राहिला की ती तुंबते, कधी आतला प्रोग्रॅमच अडकतो. बंद केल्यावर सगळं पुसलं जातं आणि बऱ्याचदा मोकळा चॅनेलही नव्यानं शोधला जातो. बटण बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा, आणि दिवे स्थिर व्हायला तीन-चार मिनिटं द्या.

मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं, टाचणी घालून दाबायचं. ते दाबू नका. त्यानं तुमचा पासवर्ड आणि कंपनीची जोडणी दोन्ही पुसून जातं, आणि मग मला बेळगावहून नंदगडला यावं लागतं.